पमीचा समुद्र

पोस्टमन उखर्डू गल्लीच्या तोंडाशीच सायकलवरून उतरायचा आणि तिथूनच हाळी द्यायचा, "सुगंधामावशी, अंदमान आलं व!" मग अख्ख्या गल्लीला कळायचं, की नथ्थू चौधरींच्या पमीचं पत्र आलं.

सुगंधाबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर यायची. चौथीपर्यंत शिकलेली बाई. एकेक अक्षर लावत वाचायची, पण वाचायची मोठ्यानं. दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असं. खरं तर तिला ते एकाच माणसाला ऐकवायचं असायचं, आणि तो माणूस ओट्यावर पाठ फिरवून दोर वळत बसलेला असायचा.

नथ्थूनाना लेकीशी बोलत नव्हते. सात महिने झाले होते.

पमी फैजपूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली, परीक्षा देऊन सरकारच्या हवामान खात्यात लागली, तेव्हा याच नानांनी गावभर पेढे वाटले होते. पुण्याला तिचं शिक्षण झालं आणि नेमणूक निघाली ती थेट पोर्ट ब्लेअरला. गावात एकच बोलणं झालं, "नथ्थूनं पोरगी काळ्या पाण्यावर धाडली." नाना चार ठिकाणी फिरले, ओळखीपाळखी काढल्या, नेमणूक बदलून मागण्याचा अर्ज चांगल्या अक्षरात लिहून आणला. फक्त पमीची सही हवी होती.

पमीनं सही केली नाही. म्हणाली, "नाना, मले जायचंय. समुद्राचं हवामान मले पाहाचंय."

नानांनी अर्जाचे चार तुकडे केले. "जाय मंग. पण मले पत्र नको धाडू."

मृगात पमी गेली. बापाचा शब्द तिनं पाळला. पत्र आईच्या नावानं यायचं आणि शेवटी एवढीच ओळ असायची, 'नानांना नमस्कार.' सुगंधाबाई ती ओळ दोनदा वाचायची. नाना दोर वळत राहायचे.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत थंडीनं कहर केला. सकाळी केळीच्या पानांवर हात ठेवला तर बोटं बधिर व्हायची. कोवळी पानं पिवळी पडायला लागली होती. असल्याच एका सकाळी पमीचं पत्र आलं.

'आई, रोज सकाळी मी धक्क्यावर जाते. दोरीनं बादली समुद्रात सोडते, वर ओढते आणि लगेच त्यात तापमापक धरते. मग वारा कुठून येतो, लाटा किती उंच आहेत, ढग कसले आहेत, ते सगळं लिहून वर कळवते. परवा पाणी अठ्ठावीस अंश होतं, काल अठ्ठावीस, आजही अठ्ठावीस. आपल्याकडे पौषात हुडहुडी भरते आणि वैशाखात अंगाची लाही होते. इथला समुद्र बारा महिने जवळजवळ एकाच मनाचा. फार तर दोन-तीन अंश इकडेतिकडे. तू विणलेलं स्वेटर पेटीतच आहे. रागावू नकोस.'

सुगंधाबाई अठ्ठावीसवर अडली. "आव्हो, अठ्ठावीस म्हंजे किती?"

नाना तिच्याशी बोलायचे, पण पमीचा विषय निघाला की गोठ्यातल्या म्हशीशी बोलायचे. म्हशीकडे बघत म्हणाले, "डाक्टर ताप मोजते तं अंग अठ्ठ्याण्णव भरते. अठ्ठावीस म्हंजे बरफच समज."

पमीला लहानपणापासून सर्दीची खोड. जरा गार वारा लागला की नाक वाहायला लागायचं. ती पोर रोज सकाळी बर्फाच्या पाण्यात हात घालते आणि आईला बरं वाटावं म्हणून स्वेटर पेटीत आहे असं लिहिते! दिवसभर सुगंधाबाईला भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला ती स्वतः डेअरीवर गेली. तिथं दूध तपासायला जीवराम बसायचा. त्याच्याकडे दुधात बुडवायची काचेची नळी असते, हे तिला माहीत होतं. तिनं सगळी हकिगत सांगितली. जीवराम हसायला लागला.

"मावशी, नाना सांगतात ते डाक्टरचं माप. पमीताईचं माप वेगळं. शेर आन् किलोचा फरक असतो तसं."

"मंग अठ्ठावीस गार का गरम?"

"ते मी सांगून नही समजणार." जीवरामनं नळी पुसून कागदात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. "हे पमीताईच्याच मापाचं हाय. पाण्यात धरा आन् पारा कोठी चढते ते पाहा. पण संध्याकाळी आणून द्या. फुटलं तं माही नोकरी जाईन."

सुगंधाबाईनं घरी येऊन अंगणातल्या टाकीत नळी धरली. तेरा. हात घातला तर हाडापर्यंत कळ गेली. तेराला हे, तर अठ्ठावीसला कसं, याचा तिला काही केल्या अंदाज येईना. मग ती नळी पदराखाली धरून शेताकडे निघाली.

नानांनी नुकतीच मोटार लावली होती. विहिरीचं पाणी पाइपातून बदाबदा पाटात पडत होतं आणि त्या थंडीत त्याच्या वाफा निघत होत्या. सुगंधाबाईनं पडत्या पाण्याखाली नळी धरली. पारा चढला, चढला आणि सत्ताविसाशी थांबला. तिनं पुन्हा पाहिलं. मग नळी काठावर ठेवून दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. किती सुखाचं ऊबदार पाणी! पौषातल्या सकाळी बाया धुणं घेऊन विहिरीवर यायच्या ते याच पाण्यासाठी.

"आव्हो!" ती ओरडली. "पमीचा समुद्र आपल्या हिरीसारखा हाय! एकच अंश जास्ती!"

नाना केळीतून फावडं घेऊन आले. वाकून नळी उचलली, स्वतः पाण्यात धरली, डोळ्यांपाशी नेऊन पाहिली. मग म्हणाले, "सत्तावीस."

"मी तेच सांगून राह्यली."

नाना फावडं खांद्यावर टाकून परत केळीत शिरले. चार पावलांवर थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "सर्दी नही व्हायची मंग तिले."

त्या दिवशी सुगंधाबाई घरी आली ती गाणं गुणगुणत. जीवरामची नळी संध्याकाळी सुखरूप परत गेली आणि पमीला पत्रातून विहिरीची बातमीही गेली. नानांचं वाक्य मात्र तिनं लिहिलं नाही. ते तिनं स्वतःसाठी ठेवलं.

पुढे उन्हाळ्यात एकदा ती मोटारीच्या खोलीत विळा शोधायला गेली. खोलीत नाना सोडून कोणी फारसं जात नसे. दाराआडच्या भिंतीवर कोळशानं काहीतरी लिहिलेलं तिला दिसलं. तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे आकडा. सत्तावीस, सत्तावीस, साडेसत्तावीस. फेब्रुवारीपासून दर सोमवारी. कोनाड्यात एक नवी काचेची नळी कापसात गुंडाळून ठेवली होती. नाना फेब्रुवारीत जळगावला जाऊन आले होते, ते बियाण्यासाठी गेलो होतो असं सांगत होते. बियाणं काही आलं नव्हतं.

सुगंधाबाई तिथंच पोत्यावर बसली. हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. विळा न घेताच ती बाहेर आली आणि हे गुपित तिनं कुणापाशी काढलं नाही.

दिवाळी झाली. पमीचं दिवाळीचं पत्र यायला हवं होतं, ते आलं नाही. उखर्डू गल्लीत शिरायचा आणि लांबूनच मान हलवायचा. एका दुपारी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. अंदमानच्या समुद्रात चक्रीवादळ झालं आहे, बोटी बंद आहेत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असं बाई सांगत होती. नानांच्या हातातला घास तसाच राहिला.

"धक्क्यावर जात असंन का व ती?" नानांनी विचारलं. म्हशीला नव्हे, सरळ सुगंधाबाईला.

"तिचं कामच हाय ते."

"वादळात बादली टाकायचं काम?" नाना ताटावरून उठले. "चपला घाल. फैजपूरले चाल."

फैजपूरच्या पोस्टात पमीच्या पत्रातला ऑफिसचा नंबर देऊन नानांनी अर्जंट कॉल लावला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "लाइन मिळाली तर मिळाली. बसा." दोघं बाकावर बसले. एक तास गेला. दोन तास गेले. नाना तीनदा खिडकीशी जाऊन आले. सुगंधाबाई मुक्ताईला नवस बोलत होती. साडी, खण, नारळ, नवसात एकेक वस्तू वाढत होती. पोस्ट बंद व्हायची वेळ आली, शिपायानं अर्धं दार लोटलंसुद्धा आणि तेवढ्यात बाई ओरडल्या, "चौधरी! पोर्ट ब्लेअर! बोला, बोला लवकर!"

सुगंधाबाईनं रिसीव्हर कानाला लावला. फार लांबून, पन्हाळीतून यावा तसा आवाज आला, "हॅलो? कोण? आई?" आणि सुगंधाबाई रडायलाच लागली. तिनं रिसीव्हर नानांच्या हातात कोंबला.

नाना गडबडले. दीड वर्षात लेकीशी एक शब्द बोललेले नव्हते. लाइन खरखरत होती, बाई घड्याळ बघत होत्या. नानांनी घसा खाकरला आणि पोस्टभर ऐकू जाईल असं ओरडले, "पमे! पाण्याचं तापमान किती?"

पलीकडून आवाज आला, "नाना? तुम्ही?"

"मी, मी. किती हाय?"

"साडेसत्तावीस, नाना. वादळाच्या आधी साडेएकोणतीस होतं. वाऱ्यानं खालचं गार पानी वर आनलं, म्हनून उतरलं."

"आपल्या हिरीचं सत्तावीस हाय. सोमवारीच पाह्यलं." नानांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "अर्ध्याचा फरक हाय फक्त. तू बरी हायस ना?"

"बरी हाय. छपराचे पत्रे उडाले, पन आम्ही सारे ऑफिसात होतो. बोटी बंद हायत, पत्रं अठीच पडून हायत. नाना, तुम्ही हिरीचं पानी मोजता?"

"लाटा असल्या तं धक्क्यावर नको जाऊ. सायबाले सांग, बापानं सांगितलं म्हनाव."

पमी हसली. ते हसू खरखरीतूनही सुगंधाबाईला ऐकू आलं, कारण ती नानांच्या खांद्याला डोकं लावूनच उभी होती. मग लाइन तुटली.

नाना रिसीव्हर हातात धरून तसेच उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी तो हळूच काढून घेतला. बाहेर आल्यावर नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं, दोनदा पुसलं आणि म्हणाले, "भजे खाशीन का?" लग्नाला तीस वर्षं झाली होती, भर बाजारात उभं राहून बायकोबरोबर भजी खायची नानांची ती पहिलीच वेळ. मिरचीचं भजं तिखट निघालं आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं, ते कशानं, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

त्यानंतर पत्रं दोघांच्या नावानं यायला लागली. नाना उत्तरं लिहायचे, तीही लांबलचक. केळीच्या घडापासून गल्लीतल्या भांडणापर्यंत सगळं.

चैत्रात पमी महिनाभराच्या रजेवर आली. भुसावळ स्टेशनवर नाना गाडीच्या दोन तास आधी जाऊन उभे होते. पोर डब्यातून उतरली, उन्हावाऱ्यानं रापलेली, खांद्याला पिशवी, पायांत सपाता. सुगंधाबाईनं तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. नानांनी पेटी उचलली आणि हमालाला हात लावू दिला नाही.

आठ दिवसांनी सावद्याहून मंदाबाई आल्या. त्या नानांच्या चुलत बहीण. गावोगावची स्थळं त्यांच्या तोंडावर असायची. चहा झाला, पापड झाले, मग त्यांनी नानांकडे वळून सुरुवात केली. मुलगा भुसावळला रेल्वेत आहे, घर चांगलं आहे, पोरीची नोकरीही त्यांना चालते, फक्त ती अंदमानची भानगड तेवढी...

सुगंधाबाईनं श्वास रोखून नवऱ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी असतं, तर नानांनी तिथंच सुपारी मागवली असती.

नानांनी बशीतला चहा संपवला. "मले काय विचारतेस, मंदे? ती बसली ना समोर. तिलेच विचार."

मंदाबाई अवघडल्या. नाइलाजानं पमीकडे वळल्या. पमी दळून आणलेल्या तिखटाचा डबा भरत होती. हात न थांबवता तिनं गंभीरपणे विचारलं, "आत्या, त्याले बोट लागते का?"

"बोट?" मंदाबाई चक्रावल्या. "कोन्तं बोट? हाताचं का पायाचं? तसं काही नही व माय, पोरगा हातीपायी धड हाय!"

नानांना ठसका लागला. ते एवढ्या मोठ्यानं हसायला लागले, की गोठ्यातली म्हैस दचकून उठली. सुगंधाबाईनं पदर तोंडात कोंबला. पमीनं मंदाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजावून सांगितलं, की मद्रासहून पोर्ट ब्लेअरला जहाजानं तीन-चार दिवस लागतात, काही माणसांना पहिल्या दिवसापासून उलट्या सुरू होतात, त्याला बोट लागणं म्हणतात. ज्याला बोट लागते त्यानं घरीच बसावं आणि ज्याला लागत नाही त्यानं यायला हरकत नाही. मग दोघं बसून बोलता येईल.

"असं सांगू का मी त्यायले?" मंदाबाईंनी डोळे विस्फारले.

"असंच सांग," नाना डोळे पुसत म्हणाले. "आन् आधी आम्हा दोघायचं पाहू दे. पुढच्या माघात आम्हीच जाऊन राह्यलो तिच्याकडे. हिले बोट लागते का मले, तेबी समजून जाईन."

सुगंधाबाईला हे पहिल्यांदाच कळत होतं. ती नवऱ्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि आतून मंदाबाईंसाठी आणखी पापड तळायला घेतले.