दीपमालाची उमेदवारी आणि मी

नाक मुरडू नका. मी संडास बोलतोय, लोहारा तालुक्यातल्या एका गावात, शेवटच्या गल्लीत, उत्तरेश्वरच्या अंगणात उभा असलेला. कधीचा घुसमटतोय, आज बोलूनच टाकतो.

सरकारी योजनेतून मला बांधलं. पांढरं भांडं बसवलं, पत्र्याचं दार लावलं, घरच्यांना माझ्यापुढं उभं करून फोटो काढला. मला वाटलं, चला, कामाला लागलो! दुसऱ्याच दिवशी माझ्यात सरकी पेंडीचं पोतं आलं, मग फवारणीचा पंप, मग डालग्यासकट कोंबडी. त्यांचाही इलाज नव्हता म्हणा. आमच्या गल्लीत नळ नाही. हापशावरून डोक्यावर आणलेलं पाणी माझ्यात ओतायचं जिवावर येतं. बायका आपल्या पहाटे घोळक्यानं ओढ्याकडं जातात.

या नळासाठीच उत्तरेश्वरची बायको दीपमाला इरेला पेटली. यंदा आमच्या वॉर्डातली एक जागा महिलेसाठी राखीव निघाली. "पंचायतीत बसल्याबिगर पाणी यायचं न्हाय," म्हणाली आणि उभं राहायचं ठरवलं. वय बसत होतं, मतदार यादीत नाव होतं, लेकरं दोनच, सरकारी जागेवर अतिक्रमणही नाही. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, घरी संडास पाहिजे, तो रोजच्या वापरात पाहिजे आणि तसा ग्रामपंचायतीचा दाखला पाहिजे.

मग काय, नुसती धावपळ! पोतं बाहेर, पंप बाहेर, कोंबडी बाहेर. मला घासूनपुसून लख्ख केलं. आता मला खोटी साक्ष द्यावी लागणार होती.

ग्रामसेवक पाहणीला आले, त्यांच्या पाठोपाठ कस्तुराबाईही आली. ती याच गल्लीतली आणि याच जागेसाठी उभी राहणारी.

"सायब, हिला दाखला देऊ नगा. ही संडास वापरत न्हाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"म्हंजी? रोज पहाटं आमी संगंच जाताव की ओढ्याला!"

अंगणातली माणसं पोट धरून हसली. ग्रामसेवक म्हणाले, "मग बाई, तुमचाही दाखला राहिला." कस्तुराबाईचा चेहरा खर्रकन उतरला.

दीपमाला हसली नाही. "खरं हाय तिचं. पर सायब, पाणी न्हाय म्हणून संडास बंद, आन् संडास बंद म्हणून मला उभं ऱ्हाता येईना. मग पाणी आणायचं कुणी?"

ग्रामसेवकांनी पेन खिशात ठेवला. नियम काही त्यांनी केला नव्हता.

ती जागा चौकातल्या बागायतदाराच्या सुनेला बिनविरोध मिळाली. तिच्या घरी बोअर आहे. गुलाल उधळला, हलगी वाजली, मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच मागं फिरली. मला इतका संताप आला, की पाय असते तर मीच तिकडं गेलो असतो.

आता दीपमाला रोज हापशावरून माझ्यासाठी वेगळी घागर आणते. परवा उत्तरेश्वर वैतागून म्हणाला, "निवडणूक झाली की. आता कशाला पाणी वाहतीस?"

"तुमची झाली आसंल," ती म्हणाली. "माझी आत्ता लागलीया."

ती घागर ओतते, तेव्हा मला बरं वाटतं आणि लाजही वाटते. पाच वर्षं तिनं हे ओझं वाहायचं, तेही उभं राहण्यापुरतं. निवडून येणं लांबच. मला चैन पडत नाही. तुमच्यापैकी कुणाचा शब्द पंचायतीत चालत असेल, तर एवढं करा. ती निवडून येण्याआधी तिचा नळ येऊ द्या.