मधल्या सुट्टीची घंटा

मित्रांनो, सकाळी जिच्या नावाने बोटं मोडायची आणि संध्याकाळी जिच्याकडे कान लावून बसायचं, ती शाळेची जुनी पितळी घंटा मी. आज पार काळी पडले आहे. पण चिंच घेऊन मला घासायला धावू नका. आधी माझं ऐकून घ्या.

रत्नागिरीत खाडीच्या अगदी काठावर आमची शाळा. भरती आली की कुंपणाच्या चिऱ्यांना पाणी लागायचं. व्हरांड्याच्या तुळईला मी तबकासारखी टांगलेली असे आणि सदू शिपाई लाकडी मोगरीने मला वाजवायचा. माझी भाषा तीनच शब्दांची. सावकाश टोले म्हणजे शाळा भरली. दोन-दोन टोले म्हणजे मधली सुट्टी, डबे काढा. आणि घणघण घणघण एकसारखी वाजले, की शाळा सुटली, पळा घरी! पहिलीतल्या शेंबड्या पोरालाही हे कळायचं. त्यामुळे सगळ्या जगालाच ते कळतं, असा माझा समज झाला होता.

१९९८ साली शाळेत विजेची घंटा आली. मला उतरवून मोडक्या बाकांच्या खोलीत टाकलं. सदूने टोपीने मला एकदा पुसलं आणि तो निघून गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

दोन-तीन वर्षांनी त्या खोलीचं दार उघडलं ते दीपालीने. आमच्याच शाळेत शिकून ती कॉलेजात गेली होती. तिला आणि तिच्या मित्रमैत्रिणींना डॉल्फिनचं वेड लागलं होतं. खाडीच्या तोंडाशी येणारे डॉल्फिन वर्षागणिक कमी होत होते. डॉल्फिन म्हणजे मासा नव्हे, त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. जाळ्यात अडकला की तो पाण्यातच गुदमरतो. असे मेलेले डॉल्फिन वाळूवर लागायचे, आणि ही मुलं काठावर हात चोळत उभी राहायची.

शेवटी ती सगळी आत्मारामकडे गेली. खाडीच्या तोंडाशी जाळं लावणारा तो जुना कोळी.

"आमी काय जाणून मारतो काय गो बाय?" तो म्हणाला. "त्यो गावला तर जाळं माझंच फाटतं. पन जाळं नाय टाकलं तर पोरांना काय वाळू घालू?"

"काका, जाळं टाका. फक्त त्यांना आधी सांगूया, इथून जा म्हणून."

"आनि त्यांना मराठी कवा शिकवलंस?"

सगळे हसले. दीपाली हसली नाही. "शाळा सुटल्याची घंटा झाली की कोण थांबतं हो?" ती म्हणाली.

अशी मी म्हातारपणी समुद्रावर गेले. आत्मारामच्या होडीत बांबूला मला टांगलं. जाळं पडलं, की दीपालीचा मित्र ओमकार मोगरी घेई आणि मी जीव तोडून ओरडे, सुटली, सुटली, पळा घरी! पहिल्या दिवशी डॉल्फिन खरंच दूर पळाले. मुलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बाजारात माझं कौतुक झालं. मी तर फुगूनच गेले.

त्या डॉल्फिनांत एक होती काशी. तिच्या पाठीवरच्या पंखाला खाच होती, म्हणून ती लांबूनही ओळखू यायची. नाव दीपालीनेच ठेवलेलं. त्या हिवाळ्यात काशीबरोबर तिचं पिल्लू दिसू लागलं. दीपालीचे डोळे मग दुसरीकडे वळेचनात.

पुढे डॉल्फिन पळेनासे झाले. उलट जवळ येऊ लागले. "ऐकू जात नसेल," ओमकार म्हणाला आणि त्याने हात आणखी जोरात चालवला.

एका सकाळी जाळ्याच्या दोऱ्यांवरचे तरंगते गोळे एकदम पाण्याखाली गेले. पिल्लू अडकलं होतं. आत्माराम जाळं ओढू लागला. बाकीचे तरी दूर राहावेत म्हणून ओमकार मला बडवत सुटला. आणि काशी सरळ माझ्याकडे आली. माझ्या आवाजाने बावरलेले बोय मासे पाण्याबाहेर उड्या मारत जाळ्याकडे पळत होते. काशीने त्यातला एक तोंडात धरला.

दीपाली पांढरीफटक पडली. "थांबव रे! अरे, ती घंटेलाच येतेय!"

कोळी वल्ह्याने होडीची फळी बडवतात, ते बोय घाबरून जाळ्यात शिरावेत म्हणूनच. माझा आवाजही तेच करत होता. हे ना आत्मारामच्या ध्यानात आलं, ना मुलांच्या. डॉल्फिन मात्र शिकले होते. मी ओरडत होते, शाळा सुटली. त्यांना ऐकू येत होतं, मधली सुट्टी झाली, जेवायला या.

दीपालीने दोन्ही तळहात माझ्यावर दाबले, तेव्हा मी गप्प झाले. पिल्लू वर आलं, पण त्यात जीव नव्हता. आत्माराम डोक्याला हात लावून बसला. काशी होडीभोवती फिरत राहिली. मला रडू आलं, पण मला रडताही येत नाही. मारणाऱ्याच्या हातात मोगरी, ऐकणाऱ्याच्या मनात अर्थ. मधल्या घंटेचं काय चालतं?

मी परत शाळेत आले. जाळी पडतच राहिली. दीपाली आणि तिचे मित्र कोळ्यांच्या घरोघर विनवण्या करत फिरले. कुणी एखादा हंगाम ऐकलं, कुणी तेवढंही नाही, आणि पोटापुढे त्यांना तरी काय बोलणार? डॉल्फिन दिसेनासे होत गेले. पुढे दीपाली आमच्याच शाळेत शिक्षिका झाली.

मग भारनियमन आलं. विजेची घंटा मुकी झाली आणि एका दुपारी नव्या शिपायाने मला काढून टांगलं. दोन-दोन टोले दिले. मुलं डबे घेऊन कुंपणाकडे धावली आणि ओरडू लागली, "बाई, डॉल्फिन! डॉल्फिन आला!"

पंखाला खाच होती. इतक्या वर्षांनी काशी आली होती, जेवायला. आणि तिच्या आजूबाजूला साऱ्या खाडीत जाळी लागलेली होती.

दीपाली खडूच्या हातांनी धावत आली आणि मला घट्ट धरून उभी राहिली. मुलं टाळ्या वाजवत होती. "जा गो बाय," ती पुटपुटली, "सुटली शाळा." पण एवढं साधं तिला कोणत्या आवाजात सांगायचं, ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. काशी बराच वेळ घुटमळली. मग दिसली नाही. जाळ्यातून सुखरूप गेली की नाही, कुणास ठाऊक.

आता वीज गेली, की दीपालीबाई स्वतः वर्गावर्गाच्या दारात जाऊन सांगतात, सुट्टी झाली. मी पुन्हा मोडक्या बाकांत आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला पुसा, आम्हाला वापरा. मी म्हणते, मला काळीच राहू द्या. गंमत म्हणूनही मला वाजवू नका. काशीला अजून भूक लागत असेल.