वाफ्यामागे एक डबा

मी एक पत्र्याचा डबा बोलतोय. गोठ्याच्या दाराशी खिळ्याला टांगलेला, पोटावर सुरकुत्या पडलेला. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, तसा रिकाम्या डब्याला खडखडाट. मी सध्या रिकामा आहे, तेव्हा ऐकून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात दुधाची पावडर होती आणि अंगावर एका गुबगुबीत बाळाचं चित्र. या घरात आलो तो मालकांच्या लेकीसाठी. दात फुटताच तिनं पावडर सोडली आणि माझं झाकण चघळायला घेतलं. पुढे झाकण हरवलं, चित्रातल्या बाळाचं नाक गंजलं आणि माझी बदली शेतावर झाली. काम काय, तर गव्हाला युरिया मोजून द्यायचा.

खताच्या दुकानदारानं मालकांना सांगितलं होतं, "वाफ्यामागे एक डबा. डोळे मिटून टाका." मालकांनी सल्ला तंतोतंत पाळला, डोळ्यांसकट. कुठला डबा, कसली माती, पानाला भूक आहे की नाही, काही विचारायचं नाही. वाफा आला की डबा ओतायचा.

युरियावर माझा राग नाही, गैरसमज नको. पांढराशुभ्र, गोल दाण्यांचा, पण स्वभावानं भारी उतावळा. टाकला की चार दिवसांत पीक हिरवंगार, म्हणून माणसं त्याच्यावर भाळतात. शेणखत बिचारं सावकाश कामाला लागतं, वास मारतं, शिवाय डोक्यावरून वाहावं लागतं. दोघांना एकत्र नांदवलं तर संसार छान होतो. पण नांदवणार कोण?

एकदा बांधावर टेकायच्या नादात मालक थेट माझ्यावरच बसले. माणूस अंगानं भरदार. माझ्या पोटाला हा एवढा पोचा पडला, आणि वर शिव्याही मलाच. तेव्हापासून काठोकाठ दिसलो तरी माझ्या पोटात माल कमी मावायचा. मालकीणबाई दरवर्षी शेणखत घालायच्या, मी कमी युरिया द्यायचो, आणि गहू कसा ताठ उभा राहायचा. घरात वर्षभराचं धान्य यायचं. त्याचं श्रेय अर्थातच मालक घ्यायचे.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण बांधापलीकडे मालकांचा चुलतभाऊ होता. त्याला सगळे हिरवाशेठ म्हणत, कारण त्याचा गहू नेहमी गडद हिरवा. तो येताजाता विचारायचा, "दादा, तुमच्या गव्हाला कावीळ झाली का हो?"

हे मालकांच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन म्हणाले, "आपली माती म्हातारी झाली. शेणखतात काही दम नाही. गाय विकून टाकू. शेण काढा, उकिरडा उपसा, पाट्या वाहा, नको तो व्याप."

ती गाय मालकीणबाईंनी वासरू असल्यापासून वाढवलेली. त्या म्हणाल्या, "शेण मी काढते, पाट्या मी वाहते. तुम्हाला दम कसा लागला?"

तेवढ्यात मालकांची नजर माझ्यावर गेली. "हा बघ चोर! पोचा पडलाय. इतकी वर्षं माप मारत होता." लगेच लाकडी ठोकळा आणून त्यांनी मला ठोकून ठोकून सरळ केलं.

"घरात त्या डब्याला तरी पोच आहे," मालकीणबाई पुटपुटल्या.

शेवटी पैज लागली. वरचे वाफे मालकांचे, खालचे मालकीणबाईंचे. ज्याचा गहू चांगला निघेल त्याचं ऐकायचं. मालक जिंकले तर सुगीनंतर गाय जाणार. मालकांना जिंकण्याची इतकी खात्री, की त्यांनी गुरांच्या व्यापाऱ्याला आधीच निरोप धाडला.

मालकीणबाईंनी पेरणीआधी आपल्या वाफ्यांत कुजलेलं शेणखत मिसळलं. युरिया देताना त्या मला अर्धाच भरत. उरलेला पुढे, तोही पानं फिकी दिसली तरच. मालक मात्र मला शिगोशीग भरायचे आणि वरून एक मूठ प्रेमानं टाकायचे.

त्यांचा गहू काळाभोर हिरवा झाला. हिरवाशेठ म्हणाला, "दादा, आता शोभता माझे भाऊ." दोघं बांधावर छाती काढून उभे राहिले. पाणी जिरलं की वरच्या वाफ्यांतली माती वाळून टणक होते आणि खालच्या वाफ्यांत गांडुळांची वर्दळ असते, हे पायाखालचं कुणी पाहिलं नाही. त्या संध्याकाळी मालकीणबाई गाईच्या मानेत तोंड खुपसून रडल्या. मी दाराशीच होतो. मला फार वाईट वाटलं.

ओंब्या भरत असताना एका दुपारी वारा सुटला. वादळ म्हणावं असा नव्हताच. पण वरचा गहू नुसता उंच वाढलेला, पायात जोर नाही. तो लोळला. पलीकडे हिरवाशेठचाही लोळला, भाऊ भाऊ शेजारी शेजारी. खालचा गहू डुलला, वाकला आणि पुन्हा उभा राहिला.

कापणीला मालकांनी एक ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारली. भुसा उडाला, त्याच्याबरोबर निम्मे दाणेही उडाले, इतके पोचट. माझ्या पोटातला पोचा काढला, तो असा दाण्यांत निघाला.

ठरल्याप्रमाणे व्यापारी दोर घेऊन आला. "चला, सोडा गाय."

मालक खाली मान घालून उभे. मालकीणबाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. हरलेल्यानंच बोलावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"गाय हिची आहे," मालक अखेर म्हणाले. "मी विकणारा कोण?"

"मग मला बोलावलं कशाला?"

"चहा प्यायला."

व्यापारी चहा पिऊन गेला. मालकीणबाईंनी गाईचं दावं सोडून मालकांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "पाणी पाजून आणा. तुम्हालाही ओळखू दे जरा तिला."

हल्ली शेणाची पाटी मालकांच्या डोक्यावर असते आणि कावीळ झाली का म्हणून विचारायला हिरवाशेठ आता बांधावर येत नाही. मी अजून कामावर आहे, पण पानं पाहिल्याशिवाय मला कुणी हात लावत नाही.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. मायबाप, त्याच्या काठाकडे बघून भरत सुटू नका. आम्हा डब्यांना भूक नसते. भूक पिकाला असते, मातीला असते. आधी त्यांना विचारा. येतो आता, मालकीणबाई खिळ्याकडे हात करतायत.