साडेनऊ ते पावणेदोन

"पडा म्हणजे कसं पडू?" मेजरने विचारलं.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. सकाळपासून हे चौथ्यांदा चाललं होतं. "अहो मेजरसाहेब, तुम्ही युद्धावरून घरी आलात. दारात बायको उभी आहे. तिच्याकडे धावत जायचंय, पण पाय साथ देत नाही आणि तुम्ही कोसळता. आमच्या हिरोला एकदा करून दाखवा. अगदी आतून पडा."

"मी आतून पडत नाही. ओल्या फरशीवरून पडतो. आणि पडलो की पहिल्यांदा इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना. शिवाय दारात बायको नव्हती. तेव्हा लग्नच झालं नव्हतं माझं."

"मग दारात कोण होतं?"

"कुलूप होतं. घरचे मला आणायला स्टेशनवर गेले होते आणि मी बसने आलो. दीड तास पायरीवर बसून होतो."

दिग्दर्शकाने हातातली पटकथा मिटली. मग म्हणाला, "चहा घेऊ या."

मेजर काही मेजर नव्हता. सैन्यात तो साधा ट्रक-ड्रायव्हर. पण डावा पाय गुडघ्याखाली गमावून परत आला तेव्हा गल्लीने त्याला परस्पर बढती देऊन टाकली, आणि एकतीस वर्षं ती कुणी काढून घेतली नाही. पोटापाण्याला तो घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. सिनेमावाले शोधत आले ते एका जायबंदी सैनिकावर चित्रपट काढत होते म्हणून. त्यांना सल्लागार हवा होता. म्हणजे मान डोलावणारा माणूस हवा होता, हे मेजरच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं.

पटकथेतला सैनिक भर चौकात ओरडायचा, "या देशाने मला काय दिलं?" मेजर म्हणाला, असं कुणी ओरडत नाही. तो स्वतः परत आल्यावर तीन महिने भिंतीकडे तोंड करून झोपला होता, भिंतीला तर काही विचारलं नव्हतं. मग त्याने एका कार्यालयाची गोष्ट सांगितली. पाय अजून उगवलेला नाही असा दाखला दरवर्षी तिथे जाऊन द्यावा लागायचा, आणि ते कार्यालय होतं दुसऱ्या मजल्यावर. एका वर्षी कारकुनाने मान वर न करता विचारलं होतं, "काही सुधारणा?"

"नको," दिग्दर्शक म्हणाला, "लोक हसतील."

"हसू देत की! एकतीस वर्षं मी एकटाच हसतोय."

मेजरने दुसऱ्याच आठवड्यात हा उद्योग सोडून दिला असता. तो टिकला हिरोमुळे. पोरगा होता पंचविशी-सव्विशीतला, पण कामाला वाघ. पोटरी मागे दुमडून पट्ट्याने आवळायचा आणि खोट्या पायावर दिवसभर फिरायचा. चौथ्या दिवशी गुडघ्याचं कातडं सोलून निघालं तरी हूं की चूं नाही. मेजरने त्याला पावडर कशी लावायची, मोजा सुरकुती न पडता कसा चढवायचा ते दाखवलं. बायकोशिवाय दुसऱ्या कुणासमोर त्याने पाय काढून ठेवला तो या पोरासमोर.

एका दुपारी कॅमेरा बिघडला आणि दोघं एका रिकाम्या ट्रकच्या सावलीत बसून राहिले. पोराने विचारलं, "स्फोट झाल्यावर मदत यायला किती वेळ लागला?"

"साडेनऊ ते पावणेदोन."

"आणि ट्रकमधला तुमचा जोडीदार? त्या वेळात तुम्ही दोघं काय बोललात?"

मेजरला आजवर सगळ्यांनी एकच विचारलं होतं, पाय कसा गेला. हे कुणी विचारलं नव्हतं. त्याचं तोंड आपोआप उघडलं. ट्रक सामान टाकून रिकामा परत चालला होता. लढाई वीस मैलांवर. जुना, विसरलेला सुरुंग. मेजर बाहेर फेकला गेला, जोडीदार केबिनखाली कमरेपर्यंत अडकला. बाहेर काढायला चार माणसं लागली असती, आणि होता एकटा मेजर, तोही एका पायाचा. जोडीदार बोलत होता. सारखा बोलत होता. तेच तेच, तासन् तास.

"शेवटी मी ओरडलो त्याच्यावर," मेजर म्हणाला. "गप्प बस म्हणालो. एकदाचा गप्प बस! आणि तो बसला. नंतर अर्ध्या तासाने गाडी आली."

पोराचे डोळे भरून आले होते. मेजरला वाटलं, एकतीस वर्षांनी छातीवरचा दगड हलला.

तो दगड कुठे जाऊन पडला ते त्याला सहा महिन्यांनी कळलं. सिनेमा लागायच्या आठवडाभर आधी खास लोकांसाठी खेळ होता. मेजरला पहिल्या रांगेत बसवलं होतं. पडद्यावर ट्रक उलटला, केबिनखाली एक देखणा नट अडकला, आणि त्याने मातृभूमीवर एक लांबलचक भाषण सुरू केलं. तिथवर मेजर नुसता वैतागला होता. मग हिरो मातीवर मूठ आपटून ओरडला, "गप्प बस! एकदाचा गप्प बस!"

मेजर उठला. अंधारात पायऱ्या दिसेनात, भिंतीला धरून धरून बाहेर आला आणि खेळ संपेपर्यंत दाराशी उभा राहिला.

"तेवढं काढून टाका," त्याने दिग्दर्शकाला सांगितलं.

"काय बोलताय मेजरसाहेब! तोच तर चित्रपटाचा प्राण आहे. आत बघा, माणसं नाकं पुसतायत."

"ती माझी गोष्ट आहे."

"नाव कुठे आहे तुमचं? कुणाला कळणार?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळेल! भिंतीभिंतीवर लिहिलंय तुम्ही, सत्य घटनेवर आधारित. पेपरात माझा फोटो छापलाय हिरोच्या खांद्यावर हात ठेवून!"

दिग्दर्शकाने घड्याळ बघितलं. प्रती सगळीकडे रवाना झाल्या होत्या, आता देवाच्या बापालाही काही बदलता आलं नसतं. हिरोने फोनवर तीनदा माफी मागितली. "काका, मला वाटलं त्याने तुमचंच दुःख लोकांपर्यंत जाईल."

"माझं दुःख लोकांना काय करायचंय?" मेजर ओरडला आणि फोन आपटला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मग तिने सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे तीस वर्षं मी तुमच्या पायाला तेल लावलं, झोपेत दचकायचात तर पाठीवर हात फिरवला, मला सांगितलं नाहीत. आणि त्या नटाला सांगितलंत."

"तू विचारलं नाहीस."

हे बोलायला नको होतं. ताटली जरा जोरातच ओट्यावर आपटली.

"विचारू दिलंत कधी? तोंड उघडलं की मशिनीत डोकं घालून बसायचात!"

ते खरं होतं, म्हणून मेजर आणखीच चिडला. दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

ताई म्हणजे जोडीदाराची मोठी बहीण. जोडीदाराला घरात सगळे धाकटा म्हणायचे. जखम भरल्यावर मेजर कुबड्या घेऊन पहिल्यांदा त्यांच्या घरी गेला, तेव्हा धाकट्याच्या आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून विचारलं होतं, "त्रास झाला का रे त्याला?" मेजर म्हणाला होता, "नाही आई. क्षणात गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही." मग ते वाक्य त्या घराचंच होऊन गेलं. म्हातारी आल्यागेल्याला तेच सांगायची. ती गेल्यावरही मेजरचं जाणं सुटलं नाही. ताई कपडे शिवायची, तिच्या मशिनीचं निमित्त असायचं. दरवर्षी एकदा जाऊन मशीन खोलायची, साफ करायची, जेवून परत यायचं.

"अरे, पेपरात बघितलं तुला!" ताई फोनवर म्हणाली. "आमच्या धाकट्याचं आहे ना रे त्यात? शुक्रवारचं तिकीट काढलंय मी."

मेजरने फोन ठेवला. बायको दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"जाऊन सांगा त्यांना. पडद्यावर बघायच्या आधी."

"काय सांगू?"

"त्या पोराला सांगितलंत तेच. तिथे नव्हती ना जीभ अडखळली?"

ताई तिसऱ्या मजल्यावर राहायची. मेजर दर मजल्यावर थांबत, जिन्याला आणि जिना बांधणाऱ्याला मनोमन शिव्या घालत वर गेला. ताई शर्टाची कॉलर शिवत होती. "आज कसा उगवलास? मशीन चालतेय की," ती हसून म्हणाली.

"ताई, शुक्रवारी जाऊ नकोस."

"का रे?"

त्याने सांगितलं. वेळेसकट सांगितलं. मध्येच ताईचे पाय थांबले, मशीन थांबली, सुई कापडात तशीच रुतून राहिली. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"गप्प बस म्हणालास?"

"हो."

बराच वेळ ती कॉलरवरची सुरकुती बोटाने सरळ करत राहिली. कापडाला सुरकुती नव्हतीच.

"आई जाताना माझा हात धरून म्हणाली, माझ्या पोराला काही कळलं नाही, तेवढं देवाने बरं केलं. म्हणजे ते देवाने नव्हतं केलं. तू केलं होतंस."

"ताई..."

"बरं केलंस की वाईट, मला आत्ता सांगता येत नाही. पण एकतीस वर्षं माझ्या ताटासमोर बसून जेवलास रे! एकदाही घास अडकला नाही?"

"दर वेळी अडकायचा."

"मग बोलायचं होतंस तेव्हा! आता कसलं सांगतोस, गावभर झाल्यावर?" तिचा आवाज फाटला. "जा तू. ऊठ. मला कामं आहेत."

तो उठला. खोटा पाय आधी खाली टाकत एकेक पायरी उतरला. वरून मशिनीचा आवाज काही आला नाही.

गुरुवार कसा गेला ते त्याचं त्यालाच ठाऊक. एका मशिनीचा कापड दाबून धरणारा दट्ट्या त्याने उलटा बसवला, ती सुतारासारखी खटखट करायला लागली, आणि त्याने गिऱ्हाइकालाच फैलावर घेतलं. शुक्रवारी सकाळी फोन वाजला. ताई नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, "तीनचा खेळ आहे. मी एकटी नाही बघणार ते. पावणेतीनला ये. आणि कडेच्या खुर्च्या धर, पाय लांब करता येईल तुला."

बायकोने शर्टाला इस्त्री करून दिली. "तू पण चल," तो म्हणाला.

"नको. ते तुम्हा दोघांचं आहे. मला घरी आल्यावर सांगा, पहिल्यापासून. मला ते सिनेमातून नको."

थिएटर तुडुंब भरलं होतं. मेजर आणि ताई मागच्या रांगेत कडेला बसले. पहिला तासभर ताई हातात रुमालाची घडी घट्ट धरून बसली होती. पडद्यावर ट्रक उलटला. देखण्या नटाचं भाषण सुरू झालं. या मातीला सांग, त्या नदीला सांग. मेजरने डोळे मिटून घेतले. "गप्प बस!" हिरो ओरडला, आणि सगळ्या थिएटरात पिन पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. मग कुठेतरी एक बाई हुंदका देऊ लागली.

ताईने त्याच्या कानाशी तोंड नेलं. तिच्या आवाजात रडू नव्हतं, वैताग होता.

"आमचा धाकटा असं काही बोलणारच नाही. माती काय, नदी काय! खरं काय बोलत होता तो?"

मेजरने डोळे उघडले. हे त्याने त्या पोरालाही सांगितलं नव्हतं.

"सायकल," तो म्हणाला.

"काय?"

"तुझ्या सायकलची चेन सारखी उतरायची. ढिली झाली होती. एक कडी काढायला हवी, ताईला जमणार नाही, ती हात काळे करून बसेल, पण कडी काढली की झालं, एकच कडी, नवी चेन घ्यायची गरज नाही. चार तास तेच, ताई. शंभरदा, दोनशेदा. मला म्हणायचा, तू लक्षात ठेव, मी विसरेन."

ताई पडद्याकडे बघत राहिली. तिथे आता पाऊस पडत होता आणि व्हायोलिनं वाजत होती.

"ती सायकल मी त्याच वर्षी विकली," ती शेवटी म्हणाली. "सारखी चेन उतरायची म्हणून."

समोरचा हिरो खोट्या पायावर घराकडे निघाला, दारातल्या बायकोकडे धावला, कोसळला. माणसं टाळ्या वाजवत होती. ताईने मेजरच्या बाहीला धरलं.

"आणखी काय म्हणाला?"

"आणखी..." मेजरने आठवलं. एकतीस वर्षं जे आठवायचं नाही म्हणून त्याने मशिनींत डोकं घातलं होतं, ते सगळं जागच्या जागी होतं. तो हळू आवाजात सांगू लागला. साडेनऊपासून. ताई मधून मधून विचारायची, "मग?" आणि तो पुढे जायचा. एकदा ती चक्क हसली, तोंडावर रुमाल धरून.

सिनेमा कधी संपला त्यांना कळलं नाही. दिवे लागले, माणसं डोळे पुसत, चपला शोधत बाहेर पडली. झाडूवाली आली. पुढच्या रांगेपासून एकेक खुर्ची खटकन वर उचलत, खालचा कचरा ओढत ती मागे मागे येत गेली. शेवटच्या रांगेशी पोचली तेव्हा कडेच्या दोन खुर्च्यांवर माणसं बसलेली होती, पुरुष सांगत होता आणि बाई ऐकत होती. तिने क्षणभर वाट पाहिली. मग त्या दोन खुर्च्या सोडून उरलेली रांग झाडून घेतली.