कवळीच्या मसाल्याचा ओठ

चाळीस वर्षं लोकांसाठी दात बनवून कवळीवाल्यांचं माणसांबद्दलचं मत काही चांगलं उरलं नव्हतं. ज्याचा जबडा आतून पाहिला, त्याच्या बाहेरच्या रुबाबाचं कसलं कौतुक? आणि सगळ्यांत वाईट मत होतं ते स्वतःच्या साडूंबद्दल.

साडू कारखान्यात वेल्डर होते आणि तिथल्या भंगारातून हाताला लागेल ते घरी आणायचे. दोघे निवृत्त झाले आणि मासेमारीसाठी लाकडाचे खोटे मासे करायचा नाद दोघांनाही लागला. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे एकमेकांना टाळायची सोय नव्हती.

खोट्या माशाचं सगळं मर्म त्याच्या ओठात. ओठ म्हणजे हनुवटीखालच्या खाचेत बसवलेली नखाएवढी पारदर्शक पट्टी. दोरी ओढली की पाणी तिच्यावर आदळतं, मासा खाली बुडी मारतो आणि जिवंत असल्यासारखा डुलत येतो. या ओठासाठी लोक काय काय वापरायचे! कोणी जुनी सीडी कापायचं, कोणी बाद झालेलं बँकेचं कार्ड. साडूंनी तर मागच्या वर्षी प्लास्टिकची कोरी शीट आणली आणि तिच्यावरचा पातळ पापुद्रा न काढताच ओठ चिकटवले. पहिल्याच फेकीला ओठ पापुद्र्यातून सटकून तळाला गेला.

"पापुद्रा मात्र काय घट्ट बसला होता हो!" असं ते चारचौघांत सांगत सुटले, वर पोट धरून हसले. स्वतःच्या मूर्खपणावर हसणाऱ्या माणसाचा कवळीवाल्यांना खास तिटकारा होता.

आता गाठ पडली होती ती दुकानात. गळ-दोऱ्याच्या दुकानदाराने जाहीर केलं होतं, की या हंगामात काचेच्या कपाटात एकाच कारागिराचे मासे लागतील. दोघांनी शनिवारी एकेक नमुना आणावा. कवळीवाल्यांना ते कपाट हवं होतं. त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेत आता फ्रिजएवढं यंत्र दात बनवत होतं, आणि गेल्या तीन वर्षांत त्यांच्या हाताची आठवण कोणालाही झाली नव्हती.

ओठ कशाचा, हा प्रश्नच नव्हता. कवळीच्या टाळूसाठी वापरतात तो बिनरंगी अ‍ॅक्रिलिकचा मसाला त्यांनी घरीच कालवला, प्लॅस्टरच्या साच्यात ओतला, शिजवला आणि चार दिवस घासून असा चमकवला, की ओठ आहे की पाण्याचा थेंब, कळू नये.

"अहो," बायको म्हणाली, "भावजी वेल्डिंगच्या हेल्मेटची प्लास्टिकची काच लावणार आहेत म्हणे. कशीही वाकवली तरी तुटत नाही. तुम्हालाही देतो म्हणाले."

"भंगारातली पिवळी काच? ती त्यांनी स्वतःच्या तोंडाला लावावी. जरा बोलणं तरी कमी होईल."

"तुमचं हे तुटणार नाही ना?"

"माणसं यावर वीस-वीस वर्षं चावतात."

"चावतात हो. पण कवळी बेसिनमध्ये पडली की फुटते. माझ्या आईची दोनदा फुटली."

"तुझी आई धांदरट होती," कवळीवाले म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले. दोन्ही वेळा ती कवळी जोडून त्यांनीच दिली होती.

शनिवारी साडू आधीच येऊन बसले होते. त्यांचा मासा म्हणजे डोळे रंगवलेला भोपळा, ओठ पिवळट, त्यावर ओरखडे.

"या साडूभाऊ! वा, काय चमक आहे! मला तर दाखवायचीच लाज वाटायला लागली."

"वाटायलाच हवी," कवळीवाले म्हणाले.

दुकानामागे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. दुकानदाराने साडूंचा मासा तीनदा ओढला. लंगड्या बैलासारखा तो कसाबसा पोहोचला. मग कवळीवाल्यांचा ओढला, आणि दुकानदार बघतच राहिला. मासा सळसळत खाली गेला, डुलला, वळला. "असा मासा मी दुकानात आजवर लावला नाही," तो म्हणाला.

कवळीवाल्यांनी साडूंकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायला काय होतं तिथे?

"आता शेवटचं," दुकानदार म्हणाला. "इथला तळ दगडांचा आहे." त्याने दोरी हातभर सोडली, एकेक मासा गरकन फिरवला आणि पायरीवर आपटला. साडूंचा मासा टणकन उडाला, ओठ जागच्या जागी. कवळीवाल्यांच्या माशाचा ओठ काडकन मोडला आणि पाण्यात पडला. इतका पारदर्शक होता, की कुठे गेला तेही दिसलं नाही.

"ही काय परीक्षा झाली?" कवळीवाले म्हणाले. "मासा काय पायरीवर पोहतो?"

"दगडाला मात्र लागतो, काका."

साडूंनी खिशातून हेल्मेटच्या काचेचा तुकडा काढला. "हा लावा तुमच्या माशाला. अहो, चालतो तर तुमचाच." मग ते दुकानदाराकडे वळले. "पुढच्या शनिवारपर्यंत थांबाल ना हो तुम्ही?"

दुकानदाराने होकारार्थी मान हलवली. कवळीवाल्यांनी हात पुढे केला नाही, तेव्हा साडूंनी तो तुकडा त्यांच्या पिशवीत टाकून दिला.

घरी आल्यावर कवळीवाल्यांनी तुकडा शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळला आणि वाकवला. तो वाकला, परत सरळ झाला. विसाव्या वेळीही सरळ झाला. मग त्यांनी भिंग लावून कड पाहिली आणि त्यांच्या जिवात जीव आला. फोन उचलला.

"साडूभाऊ, हे कापलंय कशाने? दातांनी?"

"कात्रीने."

"कात्रीने! म्हणून तुमचा मासा लंगडतो. उरलेली काच उद्या घेऊन या. कात्री आणू नका."

"म्हणजे घेतलीत तर?"

"घेतली कुठे? कोणीतरी नीट कापायला नको का?"

पलीकडे साडू पोट धरून हसत होते. कवळीवाल्यांनी फोन आपटला.

"आईची कवळी फुटली होती ना, तेव्हासुद्धा…" बायकोने आतून सुरुवात केली.

"काम करू दे मला."

त्यांनी बारीक करवत घेतली, ओठाचा आकार कापला, कडा तासल्या. चिकटवण्याआधी मात्र नखाने त्याची एक बाजू खरवडून पाहिली. पापुद्रा नव्हता. मग दाराकडे एक नजर टाकून हळूच दुसरी बाजूही खरवडली.