खोलीवरची माणसं

नकाशावर आमची वसाहत शोधायला मला अर्धा तास लागला. सापडली तेव्हा तिचे तीन तुकडे झालेले होते.

पालिकेच्या ऑफिसच्या व्हरांड्यात तो नकाशा लावला होता. साल चौऱ्याण्णव. पुढच्या वर्षी नवी मुंबईत पहिलीच निवडणूक होणार होती आणि त्यासाठी वॉर्ड पाडले होते. मी सयाजी, एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलणाऱ्या टोळीचा मुकादम. सातवी पास. वसाहतीत जरा लिहिता-वाचता येणारा म्हणून सगळ्यांचे अर्ज माझ्याच बोकांडी बसायचे.

आमची वसाहत घणसोली गावाच्या अलीकडे. हजारेक खोल्या, सगळे सातारकडचे माथाडी. नकाशावरची लाल रेघ नाल्याकडून यायची, आमच्या खोल्यांमधून आरपार जायची आणि शेजारच्या सोसायटीचं गेट दिसलं की अदबीनं वळसा घालायची. एक तुकडा गावाच्या वॉर्डात, एक सोसायटीच्या वॉर्डात, एक नाल्यापलीकडच्या वॉर्डात. गाव शाबूत, सोसायटी शाबूत. सुरी फिरली ती फक्त आमच्यावर. माझं डोकंच फिरलं.

कारण प्रश्न पाण्याचा होता. नळाची लाइन सोसायटीपर्यंत येऊन थांबली होती, आमच्यापासून दोनशे पावलांवर. आम्हाला दिवसाआड एक टँकर. माझी बायको वेणूबाई पाच वर्षं बायकांना घेऊन ऑफिसांचे उंबरे झिजवत होती, आणि दर वेळी उत्तर एकच मिळायचं, बघू. म्हणून सगळ्यांनी ठरवलं होतं की वॉर्ड आपला, नगरसेविका वेणूबाई आणि पाइप पहिल्या वर्षात.

हरकत घ्यायला महिन्याभराची मुदत होती. मी अर्ज लिहिला. एकोणीसशे सह्या आणि अंगठे गोळा केले. सुनावणीला वेणू ठेवणीतलं लुगडं नेसून आली.

साहेब सज्जन होता, त्याचाच जास्त राग आला. शिव्या तरी कुणाला घालायच्या?

"एक वॉर्ड साधारण पाच हजार लोकांचा," तो म्हणाला. "तुमच्या वसाहतीत माणसं किती?"

"साडेचार हजाराच्या वर, साहेब."

त्यानं एक जाडजूड वही उघडली, बोट फिरवलं. "एक्याण्णवच्या जनगणनेत अकराशे चाळीस. एवढ्यांचा वॉर्ड होत नाही. ती माणसं आजूबाजूला वाटून द्यावी लागतात."

"आवो, पन ह्या सह्या बघा की!" वेणू म्हणाली.

"बाई, वॉर्ड जनगणनेवर पडतात, सह्यांवर नाही."

"मग आज येऊन मोजा. आत्ता चला."

"मोजणी दहा वर्षांनी होते."

"आन् तवा काय आमी मेलो व्हतो?" वेणूचा आवाज चढला. साहेबानं पुढचा अर्ज घेतला.

मी मात्र सह्यांचे कागद गोळा करायला लागलो. तो आकडा कुणी केला ते मला ठाऊक होतं.

आम्हा सातारकरांना कुणी विचारलं, राहता कुठं, की तोंडातून गावाचंच नाव येतं. घर गावाला, इथं नुसती खोली. वीस वर्षं झाली, पोरं इथं जन्मली, तरी आम्ही खोलीवरच. त्यात एक्याण्णव साली माणसं मोजायला मास्तरीणबाई येणार अशी खबर लागली, आणि आदल्या संध्याकाळी मी दारोदार फिरलो. "सावध राव्हा. नावं हितं लागली की गावचं रेशनकार्ड कापलं म्हनून समजा. एकट्या बाप्याचं नाव सांगा, बाकीची गावाला." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच डोक्यातलं शहाणपण. सगळ्यांनी ऐकलं, कारण मी सातवी पास.

पायऱ्या उतरताना वेणू सरकारला शिव्या देत होती. मीही दिल्या, तिच्यापेक्षा मोठ्यानं. खरं सांगायची हिंमत झाली नाही. दोन मणांची गोणी पाठीवर घेणारा माणूस, पण बायकोपुढे शेळी.

तरी वेणू निवडणुकीला उभी राहिली. आमची खोली ज्या तुकड्यात होती तो सोसायटीच्या वॉर्डात, म्हणून तिथून. सोसायटीत जिने चढली, उतरली. एका बाईनं तांब्याभर गार पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या बिल्डिंगमधल्या?" निकाल लागला. आमच्या तुकड्यानं भरभरून शिक्के मारले होते, तरी दोनशे बारा मतांनी पडली. सोसायटीच्या सुमेधाबाई आल्या. बाई वाईट नव्हती. पण तिच्याकडे लोकांनी बाग मागितली होती, पाणी कशाला मागतील? इतर दोन वॉर्डांतही आमचे मूठमूठभरच, कुणाला गरज नसलेले.

संध्याकाळी त्या दोन तुकड्यांतली माणसं दारात आली. पुतळामावशी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "वेणे, शिक्का तुलाच मारायचा व्हता गं. पन आमच्या कागदावर तुझं नावच न्हाय."

माणसं गेली आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. रेशनकार्डाची माझी ती भीती, दारोदार फिरणं, आणि त्यातूनच तो अकराशेचा आकडा झाला ते. वाटलं, आता हंडा डोक्यात घालेल. घातला असता तर बरं झालं असतं.

"ठाव हाय मला," वेणू म्हणाली. "साहेबानं आकडा वाचला तवाच कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

तिनं रिकामा हंडा पालथा घातला. मग म्हणाली, "मास्तरीन आली तवा तुमी मार्केटला व्हता. मी भाकरी थापत व्हते. दोनी पोरं परातीपाशी बसलेली. तिनं इचारलं, घरात मानसं किती? मी म्हनलं, एक, आमचं मालक. तिनं पोरांकडं बघितलं, तव्याकडं बघितलं. म्हनली, आन् बाई, तुम्ही?"

"मग?"

"मग काय. पिठाचं हात तसंच घेऊन तिच्या म्होरं उभी राहिले आन् सांगितलं, मी हितं न्हाय."