गोदाबाईचं टोपलं

या बाप्पा, जवळ सरका, एक गोष्ट सांगतो.

अचलपूरकडच्या आमच्या गावात सुपडाजी सापांची ओळख सांगायचे. पण लोक आधी साप मारत आणि मग नाव विचारायला त्यांना बोलावत. तीस वर्षं मेलेल्यांचीच नावं सांगून ते थकले होते.

एका सकाळी गोदाबाईचा निरोप आला. दुखरे गुडघे ओढत ते तिच्या गोठ्यात पोचले.

"कुठं टाकला, माय?"

"टोपल्याखाली हाय, भाऊ. जिता."

त्यांनी लांबूनच काठीनं टोपलं उचललं. "अवं, हा त दुरक्या! बिनविषारी."

"मले विषारी परड वाटला. पण म्हटलं, एकडाव तरी तुमाले जिता दाखवू."

साप धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे, सरपटत गेला. सुपडाजी तिथंच बसून कितीतरी वेळ पाहत राहिले.

आता ते नाहीत. साप दिसला, तर काठी उचलण्याआधी सुपडाजींची आठवण करा.